जनरलचा हिवाळा, काकांचे बूट

बातमी आली तेव्हा मी कॅनडाच्या पश्चिम टोकाला, सरेमध्ये, स्कायट्रेनच्या स्टेशनबाहेर पत्रकं वाटत होते. भुरभुर पाऊस होता, कागद ओले होत होते आणि खिशातून हात बाहेर काढायला कुणी तयार नव्हतं. फोन सुमेधाताईचा होता, शिर्केकाकांच्या मुलीचा. "बाबा गेले. काल सकाळी, झोपेतच," ती म्हणाली. आणि पुढे, "मी रेजिनाला आलेय. बेसमेंटमध्ये नुसते बूटच बूट आहेत गं. प्रत्येक जोडात चिठ्ठी. व्हॉट अ‍ॅम आय सपोज्ड टू डू विथ देम?" वडील जाऊन एक दिवस झालाय आणि ही बाई बुटांचं विचारते, म्हणून मला राग आला. मला राग लवकर येतो, माझं काम रागावरच चालतं. ती त्या क्षणी बुटांच्या मधोमध जमिनीवर बसली होती आणि तिला दुसरं काही विचारणं शक्यच नव्हतं, हे मला नंतर कळलं.

हा लेख मी लिहितेय त्यालाही कारण रागच आहे. शोकसभेला मी विमानाने रेजिनाला गेले. भाड्याच्या हॉलमध्ये समोर काकांचा हार घातलेला फोटो, आणि बाजूच्या पडद्यावर स्लाइड शो. काका लष्करी गणवेशात, काका नातवाबरोबर, काका हिमात. आणि शेवटची स्लाइड म्हणजे एका जर्मन जनरलचा फोटो. उंच टोपी, गळ्यात पदक, आणि खाली काकांच्या पुस्तकाचं जुनं नाव, 'रणधुरंधर'. तिथल्या मराठी मंडळाच्या एका पदाधिकाऱ्याने सांगितलं की शिर्केसाहेबांचं हे आयुष्यभराचं स्वप्न अपुरं राहिलं, आणि लोकांनी माना हलवल्या. मेजर यशवंत शिर्के यांच्या शोकसभेत त्या माणसाचा फोटो त्यांच्या बरोबरीने लागावा, हे मला सहन झालं नाही. मी उभी राहिले, पण तोंडातून शब्द फुटला नाही. इतकी वर्षं लोकांसमोर बोलतेय, आणि नेमक्या तिथे मी खाली बसले. तिथे जे बोलता आलं नाही, ते इथे लिहितेय. काकांचं पुस्तक अपुरं राहिलं नाही. त्यांनी ते स्वतः मागे घेतलं. आणि ते मागे घ्यायला लावणारी मी होते, त्यामुळे हा माझाही हिशेब आहे.

रेजिनाला शिकायला आले तेव्हा त्यांच्या घराच्या बेसमेंटमध्ये मी भाड्याने राहायला गेले. काका साताऱ्याकडचे. फौजेत पुरवठा खात्यात होते, म्हणजे रेशन, वैरण, तंबू, बूट. निवृत्त झाल्यावर मुलीमागे कॅनडात आले. मुलगी पुढे टोरोंटोजवळ एटोबिकोला गेली, काकू वारल्या, आणि काका त्या घरात एकटे राहिले. पहिल्याच दिवशी मी वरच्या हॉलमध्ये भिंतभर युरोपचा नकाशा पाहिला. त्यावर निळ्या दोऱ्याचे बाण, टाचण्या, आणि कडेला चौकटीत तो जनरल. मी नागपूरची, आंदोलनात वाढलेली. तोंड आवरलं नाही. "काका, हा नाझी भिंतीवर काहून?"

"चूक," ते शांतपणे म्हणाले. "तो पक्षाचा सभासद नव्हता. सैनिक होता. विरोध करायचा तर आधी वाचावं लागतं, लीडर."

तेव्हापासून मी लीडर. सकाळी जिन्यावर भेटले की, "काय लीडर, आज कुणाचा धिक्कार?" मी तेव्हा एकेका बेसमेंटमध्ये आठआठ विद्यार्थी कोंबणाऱ्या घरमालकांविरुद्ध पत्रकं काढत होते. काका माझी पत्रकं लाल पेन्सिलीने तपासून द्यायचे. "इथे 'नराधम' लिहिलंयस. त्यापेक्षा त्याने हीटिंग कितीवर ठेवलं होतं ते लिही. वाचणाऱ्याला थंडी वाजली पाहिजे." मला पटायचं नाही. विशेषणाशिवाय पत्रक म्हणजे मिठाशिवाय वरण, असं माझं मत. पण मी गुपचूप दुरुस्ती करायचे, आणि त्या पत्रकांचा उपयोग व्हायचा.

जनरलचं प्रकरण काकांच्या वडिलांपासून सुरू होतं. वडील दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीत लढले. एका नदीच्या अलीकडे त्यांची तुकडी कितीतरी दिवस अडून राहिली, कारण पलीकडच्या जर्मन फौजेने एक पाऊल पुढे पडू दिलं नाही. त्या फौजेचा सेनापती हा जनरल. गावी परतल्यावर वडील पाय ओढत चालायचे आणि म्हणायचे, पलीकडचा गडी चलाख होता. लहानग्या यशवंताच्या डोक्यात ते बसलं, आपल्या आबांना अडवणारा हा कोण? त्या एका प्रश्नावर काकांनी उभं आयुष्य घातलं. जर्मन शिकले, इंग्रजी पुस्तकं मागवली, आणि मराठीत त्याचं चरित्र लिहायला घेतलं. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. नाव लिहिलं की तुम्ही शोधणार, फोटो बघणार, टोपी बघणार. मला ते नको आहे.

त्याची कारकीर्द काका जेवताजेवता सांगत, त्यामुळे ती मला पाठ झाली. शाळामास्तरचा मुलगा. पहिल्या महायुद्धात कोवळा लेफ्टनंट, खंदकात दोनदा जखमी. जर्मनी हरल्यावर जी छोटीशी फौज ठेवायला परवानगी मिळाली, तीत टिकलेला, कारण कामाला वाघ. हिटलर आल्यावर फौज फुगली आणि त्याच्यासारख्यांना भराभर बढत्या मिळाल्या. त्याने शपथ घेतली, कुरकुर फक्त घरी पत्रात केली. मग पोलंड, मग फ्रान्स, आणि दोन्हीकडे तो पुढच्या गाडीत. मग रशिया. त्या उन्हाळ्यात नकाशावरचा निळा दोरा रोज बोटभर पुढे सरकला. शरदात चिखलात गाड्या रुतल्या, आणि मॉस्कोच्या अलीकडे हिवाळ्याने गाठलं. जर्मन फौजेला वाटलं होतं की हिवाळ्याआधी सगळं संपेल, त्यामुळे गरम कपडे आलेच नव्हते. बाकीच्या तुकड्या मोडल्या, याची टिकली. पदक मिळालं. मग बदली इटलीला, एकेका नदीवर माघार घेत घेत. मग शरणागती, काही वर्षं कैद, मग आठवणींचं पुस्तक, आणि अखेर घरच्या बागेत गुलाब लावत म्हातारपणी शांत मरण.

काकांना त्याचा अभिमान होता, हे मी लपवणार नाही. पण तो त्याच्या लढायांचा नव्हता. "सगळे इतिहासकार तोफा मोजतात," ते म्हणत. "मी कोठीच्या खिडकीतून युद्ध बघतो. माणसाला भाकरी कुठून मिळाली? घोड्याला वैरण कुठून मिळाली? हा एकच जनरल असा सापडला की ज्याने सैनिकाच्या पायाकडे बघितलं." त्या हिवाळ्यात जर्मन सैनिकांच्या बुटांना तळाशी लोखंडी खिळे होते, आणि थंडी त्या खिळ्यांतून थेट तळव्यात शिरायची. याच्या तुकडीतल्या बऱ्याच जणांच्या पायात मात्र रशियन पद्धतीचे जाड फेल्टचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, बूट होते. काकांनी लिहिलेल्या चरित्रात या बुटांवर एक अख्खं प्रकरण होतं आणि त्यांचं सगळ्यात लाडकं तेच. साहजिकच होतं. बूट हा काकांचा धर्म होता. बेसमेंटच्या भिंतीला लागून त्यांनी फळ्या ठोकल्या होत्या आणि त्यावर जुने स्नो बूट, मापाप्रमाणे. शेजाऱ्यांकडून, गराज सेलमधून गोळा केलेले. महाराष्ट्रातून नवीन आलेली मुलं स्पोर्ट्स शूज घालून दारात उभी राहिली की काका त्यांना आधी खाली न्यायचे. जाड मोजा घालून पाऊल मापायचे, तेही संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. "बोटं हलली पाहिजेत. आत हवा राहिली तर ऊब राहते." आणि रोज संध्याकाळी दारातले सगळे ओले बूट, त्यांचे, माझे, आलेल्या पाहुण्याचे, ते जमिनीतल्या गरम हवेच्या जाळीवर उलटे करून ठेवायचे. मी कितीदा म्हटलं, काका, माझे मी ठेवीन. ऐकायचे नाहीत.

त्यांचं हस्तलिखित टाइप करायचं काम मी घेतलं होतं. दर रविवारी ते वाचायचे, मी लॅपटॉपवर उतरवायचे, मधूनमधून भांडण. पुण्याच्या एका प्रकाशकाने होकार दिला होता. काकांच्या पंच्याऐंशीव्या वाढदिवसाला पुस्तक हातात यावं अशी सगळी आखणी सुमेधाताईने केली होती. हॉल, जेवण, भारतातून येणारे नातेवाईक. काकांना हृदयाचं दुखणं होतं, डॉक्टर फार पुढचं बोलत नव्हते.

त्या जानेवारीत एका रविवारी मी सकाळपासून बसस्टॉपवर पत्रकं वाटत होते. उणे तेहतीस, वारा वेगळा. घाईत बूट न घालता साधे शूज घालून गेले होते. परतले तेव्हा डाव्या पायाची बोटं पांढरी पडली होती आणि कळतच नव्हती. काकांनी कोमट पाणी आणलं, हाताने तापमान बघितलं, माझे पाय त्यात सोडले. संवेदना परत येताना जे दुखतं ते दुखायला लागलं आणि मी ओरडले. "ओरड," ते म्हणाले. "ओरडतेस म्हणजे पाय जिवंत आहेत." पाय पाण्यात असतानाच त्यांनी वही उघडली, माझं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून. बुटांचं प्रकरण. मी मांडीवर लॅपटॉप घेऊन टाइप करू लागले. जनरलने आपल्या आठवणींत लिहिल्याप्रमाणे, सैनिकांसाठी फेल्टचे बूट स्थानिक पातळीवर उपलब्ध करण्यात आले...

माझी बोटं थांबली. मी काही शहाणपणाने विचारलं नाही, पाय दुखत होते म्हणून विचारलं. "काका, तिथल्या खेड्यातल्या माणसाकडे असे बूट किती जोड असतील?"

"एक," ते म्हणाले. ते वहीतच बघत होते.

"मग त्याने विकला काहून? अशा थंडीत?"

काकांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. पाणी निवत चाललं होतं. मग ते हळू म्हणाले, "मी लोकल पर्चेस समजलो..." फौजेत असताना त्यांनी डोंगराळ भागात शेकडो वेळा स्थानिक खरेदी केली होती. गावातून लाकूड, बटाटे, कांबळी. पैसे मोजून, पावती घेऊन, सरपंचाचा चहा पिऊन. जनरलच्या पुस्तकात 'स्थानिक' हा शब्द आला आणि आयुष्यभर कोठी सांभाळलेल्या या माणसाने त्यात पावती वाचली. इतकी वर्षं. भाकरी कुठून आली हे विचारणाऱ्याने बूट कुठून आले हे विचारलं नव्हतं, कारण त्याच्या मते उत्तर लिहिलेलं होतं.

इथे मी जे केलं त्याची मला लाज वाटते. मी म्हटलं, "मी पहिल्या दिवसापासून सांगत होते."

त्यांनी टॉवेल आणला, माझे पाय पुसले. "तू सांगत होतीस की तो राक्षस आहे. ते मला तेव्हाही पटलं नाही, आत्ताही पटत नाही. राक्षस असता तर मी ओळखला असता गं. तो माझ्यासारखा होता. मोज्यांची काळजी करणारा."

पुढचे दोन महिने ते विद्यापीठाच्या लायब्ररीत जात राहिले. बसने, त्या थंडीत. दुसऱ्या शहरांतून पुस्तकं मागवली, जुन्या कागदांच्या प्रती मागवल्या. एका दुपारी ते परत आले आणि कोट न काढता खुर्चीत बसले. सापडलं होतं. जनरलच्या सहीचा आदेश. सैनिकांना निवारा आणि गरम कपडे मिळावेत म्हणून गावकऱ्यांची घरं रिकामी करावीत, पादत्राणं काढून घ्यावीत, आणि याबाबत दयामाया दाखवू नये, अशा अर्थाचा. साधी कार्यालयीन भाषा, क्रमांक घातलेले मुद्दे. आणि दुसऱ्या एका पुस्तकात त्याच भागातल्या एका बाईचं सांगणं. सासऱ्याला दारात बसवलं, पायातून बूट ओढले, आणि सगळ्यांना हिमात हाकललं. पुढच्या गावापर्यंत म्हातारा पोचला नाही. काकांनी मला ते वाचून दाखवलं नाही, पान उघडं ठेवून स्वयंपाकघरात गेले. संध्याकाळी त्यांनी नकाशावरचे दोरे सोडले. चौकटीतला फोटो काढला. भिंतीवर फिकट चौकोन राहिला.

मग सुमेधाताईचा फोन मला आला. मी तिचं बोलणं तसंच लिहिते, कारण ती चुकीची नव्हती. "तू त्यांची टेनंट आहेस. मी मुलगी आहे. ते पंच्याऐंशीचे होतायत, त्यांच्याकडे टाइम नाहीये. एक चॅप्टर काढून टाका आणि छापू दे ना. त्यांना पुस्तक हातात घेऊ दे. हू इज इट हर्टिंग?" मी माझ्या नेहमीच्या आवाजात उत्तर दिलं, त्यात 'खोटं' आणि 'पाप' हे शब्द होते. ती रडायला लागली. फोन ठेवल्यावर जिन्यावरून काकांचा आवाज आला, "लीडर, माझ्यावरनं भांडू नका दोघी." ते वर गेले आणि प्रकाशकाला पत्र लिहून मोकळे झाले. तीन ओळी. लेखनात मूलभूत चूक आढळली आहे, सबब हस्तलिखित परत घेत आहे, तसदीबद्दल क्षमा असावी. मी म्हटलं, काका, थोडं थांबा, एक प्रकरण काढून... होय, मीही ताईचंच वाक्य बोलले, कारण त्यांच्याकडे दिवस थोडे आहेत याची मलाही भीती वाटली. त्यांनी पाकीट चिकटवलं. "एक प्रकरण काढलं तर भोक दिसतं. आणि छापून आलं तर निस्तरायला मी थोडाच असणार आहे?"

वाढदिवसाचा हॉल रद्द झाला. घरी पाच जण जमलो, पुरणपोळी झाली. काकांनी नव्याने लिहायला घेतलं, पण जनरलपासून नव्हे. त्या दारात बसवलेल्या म्हाताऱ्यापासून. त्याचं नाव कुठेच सापडलं नाही. ते लिहीत, खोडत, परत लिहीत. मी सरेला नोकरीसाठी निघाले तेव्हा बावीस पानं झाली होती. सही करण्याआधी जनरल चष्मा शोधत असेल का, हे एका पानावर होतं. त्याने नंतर बागेत गुलाब लावले तेव्हा पायात काय घातलं होतं, हे दुसऱ्या. मोठी ऐतिहासिक गोष्ट एकही नाही. पण त्यात युद्ध जितकं आहे तितकं त्या आधीच्या जाडजूड चरित्रात नव्हतं. मी अजूनही पत्रकवालीच आहे. तरी सांगते, त्या बावीस पानांत एकही विशेषण नाही, आणि वाचताना थंडी वाजते.

त्या दिवसांतच चिठ्ठ्या सुरू झाल्या. बेसमेंटमधल्या प्रत्येक जोडात काकांनी कागद घातला. वरच्या ओळीत बूट कुणाचे होते ते, आणि पुढे एक शब्द, 'दिले'. खालची ओळ कोरी, नेणाऱ्याच्या नावासाठी. मी हसले होते. "काका, जुने फुकटचे बूट, त्याला एवढी कागदपत्रं?" ते म्हणाले, "असू दे. बुटाला आपण कुठून आलो ते माहीत असावं."

मी त्यांचं पुस्तक हिरावलं का? रोज एकदा तरी हे डोक्यात येतं. वाढदिवसाला ते हातात पुस्तक घेऊन उभे आहेत, टाळ्या वाजतायत, असं चित्र मी सहज काढू शकते. त्या चित्रात ते खूश आहेत. आणि बूट कुठून आले हे त्यांना माहीत नाही... मी माझा प्रश्न मागे घेणार नाही. फक्त तो विचारून झाल्यावर "मी सांगत होते" म्हटलं नसतं, तर बरं झालं असतं. एवढं मला त्यांना सांगायचं होतं. सरेहून फोनवर सांगता आलं असतं. सांगितलं नाही.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी काकांच्या घरी ताईकडे गेले, भांडायच्या तयारीने. रात्रभर हिम पडलं होतं. ती हॉलमध्ये त्या फिकट चौकोनाखाली बसली होती, मांडीवर बावीस पानं. "ती स्लाइड मी नव्हती टाकली," ती म्हणाली. "मंडळवाल्यांकडे जुनी फाइल होती. मी बघितलं आणि मला... आय जस्ट फ्रोझ." मी म्हटलं, मीसुद्धा. मग आम्ही दोघी खाली गेलो आणि फळ्यांवरचे जोड खोक्यांत भरू लागलो, विद्यार्थ्यांना पाठवायला. ती एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचत होती. समोरची मार्गारेट, दिले. कोपऱ्यावरचा युक्रेनियन सुतार, दिले. लीडर, दिले. ते माझे साधे शूज होते, त्या जानेवारीतले. मीच ते त्यांना देऊन टाकले होते, आणि मला वाटलं होतं त्यांनी ते फेकून दिले.

सगळ्यात शेवटच्या फळीवर काकांचे रोजचे काळे बूट होते, टाचेला झिजलेले. ताईने आत हात घातला. चिठ्ठी होती. यशवंत शिर्के, दिले. त्यांच्या अक्षरात, आधीच लिहून ठेवलेली. खालची ओळ कोरी.

ती ते बूट घेऊन वर निघाली, मी मागोमाग. मग म्हणाली, "ड्राइव्हवेवरचं हिम शोव्हल करायचंय, टॅक्सी येणार." टोरोंटोहून ती घाईत नाजूक लेदरचे शूज घालून आली होती. तिने जाड मोजे चढवले, काकांच्या बुटांत पाय घातले, आत बोटं हलवून बघितली आणि बाहेर गेली. मी खिडकीतून बघत होते. मोठे होते तिला, प्रत्येक पावलाला किंचित पाय ओढत होती. अर्ध्या तासाने आत आली, नाक लाल, भुवयांवर हिम. दारात बसून बूट काढले, हिम झटकलं, आणि गरम हवेच्या जाळीवर ते उलटे करून ठेवले. मग माझे उचलले, तेही शेजारी उलटे ठेवले.